समजून घ्या : मीठ, रबर आणि ॲल्युमिनियम, डॉ. वसंत गोवारीकरांच्या रसायनशास्त्राने भारताचं रॉकेट कसं उडालं?

डिजिटल डेस्क, वसई-विरार

अर्नाळा, पाचूबंदर, नायगाव इथल्या मच्छीमारांना समुद्रात मासे कुठे मिळण्याची शक्यता आहे, याची माहिती आता मोबाइलवर मिळू शकते. पाण्याचा रंग आणि तापमान यांवरून हा अंदाज काढला जातो. पाण्यात हरितद्रव्य जास्त म्हणजे सूक्ष्म वनस्पती जास्त, आणि जिथे खाद्य तिथे मासळी, असं हे साधं गणित. त्यासाठी ज्या उपग्रहांची माहिती वापरली जाते, त्यांत 'ओशनसॅट' मालिकेचा समावेश आहे.

ओशनसॅट-१ (१९९९), ओशनसॅट-२ (२००९) आणि त्यानंतरचा ईओएस-०६ (२०२२) हे तिन्ही उपग्रह पीएसएलव्ही रॉकेटने अवकाशात गेले. या रॉकेटचा पहिला टप्पा घन इंधनावर चालतो. त्यात सुमारे १३८ टन इंधन असतं. दिसायला ते करड्या रंगाचं घट्ट रबर. त्यातला सर्वात मोठा घटक मात्र तयार होतो तुमच्या-आमच्या स्वयंपाकघरातल्या मिठापासून.

हे इंधन भारतात बनवण्याचा पाया ज्यांनी घातला त्यांत एक मराठी नाव पुढे आहे: डॉ. वसंत गोवारीकर. 'मान्सून मॉडेल'मुळे अनेकांना ते हवामानशास्त्रज्ञ वाटतात. मुळात ते रसायनाचे माणूस होते. त्यांनी नेमकं काय केलं, घन इंधन कसं बनतं आणि त्याचा आपल्याशी काय संबंध, हे समजून घेऊ या.

कोण होते गोवारीकर?

- पूर्ण नाव वसंत रणछोड गोवारीकर. जन्म २५ मार्च १९३३, पुणे.
- इंग्लंडच्या बर्मिंगहॅम विद्यापीठातून रासायनिक अभियांत्रिकीत पीएचडी.
- १९६७ पासून केरळमधल्या थुंबा इथल्या अवकाश केंद्रात.
- १९७९ ते १९८५ विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे (व्हीएसएससी) संचालक.
- १९८६ ते १९९१ केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचे सचिव, त्यानंतर पंतप्रधानांचे वैज्ञानिक सल्लागार.
- १९९५ ते १९९८ पुणे विद्यापीठाचे कुलगुरू. मराठी विज्ञान परिषदेचं अध्यक्षपदही त्यांनी भूषवलं.
- पद्मश्री १९८४, पद्मभूषण २००८.
- निधन २ जानेवारी २०१५, पुणे.

बर्मिंगहॅममध्ये त्यांनी कशावर संशोधन केलं?

चहात साखरेचा खडा टाका आणि नुसता ठेवून द्या. तो हळूहळू विरघळतो. चमच्याने ढवळला की लगेच विरघळतो. खड्याच्या पृष्ठभागापासून साखर चहात किती वेगाने जाते आणि चहाची उष्णता खड्यात किती वेगाने येते, हे मोजता आलं तर विरघळण्याचा वेग आधीच सांगता येतो. घन पदार्थ आणि त्याभोवती वाहणारा द्रव किंवा वायू यांच्यातल्या अशा देवाणघेवाणीवर गोवारीकरांनी प्राध्यापक एफ. एच. गार्नर यांच्याबरोबर काम केलं. ही मांडणी 'गार्नर-गोवारीकर सिद्धांत' म्हणून ओळखली जाते.

विषय कागदावरचा वाटला तरी रॉकेटच्या इंधनाशी त्याचं जवळचं नातं आहे. घन इंधन जळतं ते पृष्ठभागावर. बाहेरच्या ज्वालेची उष्णता आत शिरते, वरचा पातळ थर वायू होऊन निघून जातो, मग खालचा थर उघडा पडतो. किती मिलिमीटर जाडी किती सेकंदात जळेल, हा सगळा हिशेब त्यावर उभा असतो.

पीएचडीनंतर गोवारीकरांनी ब्रिटनमध्ये हार्वेलच्या अणुसंशोधन केंद्रात आणि पुढे समरफील्ड संशोधन केंद्रात काम केलं. समरफील्डमध्ये घन इंधनाच्या रॉकेट मोटरींवर संशोधन चालायचं. म्हणजे भारताला जे हवं होतं, नेमका त्याचाच अनुभव त्यांच्या गाठीशी होता. डॉ. विक्रम साराभाई यांनी त्यांना मायदेशी बोलावलं आणि १९६७ मध्ये ते थुंब्याला दाखल झाले.

तेव्हा थुंब्यात काय होतं?

फारसं काही नव्हतं. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी थुंब्याहून उडालेलं पहिलं रॉकेट अमेरिकेचं होतं. मासेमारीच्या गावातलं चर्च आणि आसपासच्या इमारती हेच सुरुवातीचं कार्यालय आणि प्रयोगशाळा. २० नोव्हेंबर १९६७ रोजी उडालेल्या पहिल्या भारतीय रोहिणी रॉकेटचा व्यास होता अवघा ७५ मिलिमीटर, म्हणजे साधारण पाण्याच्या पाइपाएवढा.

फ्रान्सच्या परवान्याने 'सेंटॉर' नावाची रॉकेटं इथे बनू लागली. त्यातून कारखाना कसा चालवायचा, इंधन कसं मिसळायचं, हे शिकता आलं. परवाना मात्र एका ठरावीक रॉकेटपुरता होता. उपग्रह कक्षेत नेण्याएवढं मोठं रॉकेट करायचं तर त्याचं इंधन स्वतःच तयार करणं भाग होतं. गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांसमोर हेच काम होतं.

रॉकेटच्या घन इंधनात असतं तरी काय?

तीन मुख्य घटक:

१. अमोनियम परक्लोरेट: साधारण ६८ ते ७० टक्के. हे ऑक्सिजन पुरवतं.

२. ॲल्युमिनियमची भुकटी: साधारण १६ ते १८ टक्के. ही जळून प्रचंड उष्णता देते.

३. रबरासारखा पॉलिमर: उरलेला भाग. हा सगळ्यांना बांधून ठेवतो आणि स्वतःही जळतो.

गाडीच्या इंजिनाला ऑक्सिजन हवेतून मिळतो. रॉकेट काही मिनिटांत हवेच्या पलीकडे जातं, त्यामुळे ऑक्सिजन सोबत न्यावा लागतो. अमोनियम परक्लोरेटच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग ऑक्सिजनच असतो. घन स्वरूपात, पोत्यात भरून ठेवता येईल असा ऑक्सिजन, असं म्हटलं तरी चालेल.

मिठाचा यात काय संबंध?

वसई-विरारला मिठागरं काही नवीन नाहीत. वाफ्यात समुद्राचं पाणी घ्यायचं, उन्हात आटवायचं, खाली उरतं सोडियम क्लोराइड. वसईचं मीठ रॉकेटमध्ये जातं, असा याचा अर्थ नाही. पण सुरुवातीचा पदार्थ तोच.

मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की ठरावीक तापमानात आणि परिस्थितीत मिठातल्या क्लोरीनला ऑक्सिजन जोडला जातो आणि सोडियम क्लोरेट मिळतं. दुसऱ्या टप्प्यात पुन्हा वीज सोडून आणखी एक ऑक्सिजन जोडला की सोडियम परक्लोरेट होतं. शेवटी त्यात अमोनियम क्लोराइड मिसळतात. दोन्ही क्षार आपापले जोडीदार बदलतात. एकीकडे अमोनियम परक्लोरेटचे पांढरे स्फटिक, तर दुसरीकडे पुन्हा साधं मीठ!

थोडक्यात, मिठातल्या एका क्लोरीनला चार ऑक्सिजन चिकटवायचे. ऑक्सिजन येतो पाण्यातून आणि ते काम करून घेते वीज. रसायनशास्त्राच्या पुस्तकात हे एका पानात संपतं. कारखान्यात मात्र रोज टनावारी माल तेवढ्याच शुद्धतेचा आणि तेवढ्याच बारकाव्याचा निघावा लागतो. केरळमधल्या अलुवा इथे इस्रोचा अमोनियम परक्लोरेटचा प्रकल्प १९७९ मध्ये सुरू झाला आणि या घटकासाठीचं परावलंबित्व संपण्याची वाट मोकळी झाली.

मग रबर कशाला?

शेंगदाण्याची चिक्की आठवा. दाणे भरपूर आणि पाक कमीत कमी, तरी वडी फुटता कामा नये. घन इंधनाचं नेमकं तसंच आहे. परक्लोरेट आणि ॲल्युमिनियम हे दाणे, पॉलिमर हा पाक. दाणे वाढवले की ताकद वाढते. पण पाक फारच कमी झाला तर मिश्रण ओतता येत नाही आणि घट्ट झाल्यावर ठिसूळ होतं.

यावर एक युक्ती आहे, ती बांधकामावर काम करणाऱ्यांना लगेच कळेल. काँक्रीटमध्ये खडीच्या मधल्या जागा वाळू भरून काढते. तसंच परक्लोरेटचे जाड आणि बारीक असे दोन्ही आकारांचे कण मिसळतात. बारीक कण जाड कणांच्या मधल्या फटीत बसतात आणि कमी पाकात जास्त दाणे मावतात. शिवाय बारीक कणांचं प्रमाण बदलून इंधन किती वेगाने जळेल, हेही ठरवता येतं.

पाक कोणता घ्यायचा, यावर व्हीएसएससीमध्ये वर्षानुवर्षं काम झालं. एसएलव्ही-३ रॉकेटच्या पहिल्या टप्प्यात 'पीबॅन' नावाचं पॉलिमर होतं. अमेरिकेच्या स्पेस शटलच्या बूस्टरमध्येही हेच होतं. भारतात उपलब्ध असलेल्या एरंडेल तेलापासूनही व्हीएसएससीने एक बंधक तयार केला. तो 'इस्रो पॉलिऑल' म्हणून ओळखला जातो. पुढे एचटीपीबी हे पॉलिमर आलं. काकवीसारखं दाट पण ओतता येणारं, त्यामुळे त्यात दाणे जास्त मावतात आणि घट्ट झालेलं रबर थंडीतही लवचिक राहतं. आज पीएसएलव्ही आणि एलव्हीएम-३ ही रॉकेटं ज्या घन इंधनावर उडतात, त्याचा आधार एचटीपीबीच आहे.

गोवारीकरांनी एन. व्ही. विश्वनाथन आणि जयदेव श्रीधर यांच्याबरोबर लिहिलेलं 'पॉलिमर सायन्स' हे पुस्तक १९८६ मध्ये आलं. देशभरातल्या महाविद्यालयांत ते अभ्यासलं गेलं. प्रयोगशाळेतली समज वर्गात पोहोचवण्याचा तो एक मार्ग होता.

इंधन भरतात कसं आणि चुकलं तर काय होतं?

मिश्रण मोठ्या यंत्रात सावकाश घोळवलं जातं. मग ते पोकळीतली हवा काढून मोटरच्या नळीत ओततात, म्हणजे बुडबुडे राहत नाहीत. मधोमध एक साचा उभा असतो. काही दिवस उबदार तापमानात ठेवल्यावर मिश्रण खोडरबरासारखं घट्ट होतं. साचा काढला की आत आरपार पोकळी राहते. आग लागते ती या पोकळीच्या भिंतीला आणि इंधन आतून बाहेर जळत जातं.

पोकळीचा आकार गोल असेल तर जोर एका पद्धतीने वाढतो, चांदणीसारखा असेल तर वेगळ्या पद्धतीने. म्हणजे रॉकेटने कुठल्या सेकंदाला किती जोर लावायचा, हे इंधन ओततानाच ठरलेलं असतं. उड्डाणानंतर त्यात बदल करता येत नाही.

घन इंधनाचा सगळा धोका इथेच आहे. द्रव इंधनाचं इंजिन झडप लावून बंद करता येतं. घन मोटर एकदा पेटली की संपेपर्यंत जळते. आत बारीकशी भेग राहिली तर जळणारा पृष्ठभाग अचानक वाढतो, दाब वाढतो आणि मोटर फुटू शकते. बुडबुडा राहिला किंवा इंधन नळीच्या आतल्या आवरणापासून सुटलं तरी तोच धोका. म्हणून प्रत्येक मोटरची क्ष-किरणांसारख्या पद्धतींनी कसून तपासणी होते.

इतिहासात याची मोठी किंमत मोजावी लागली आहे. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचं चॅलेंजर यान कोसळलं आणि सात अंतराळवीरांचा मृत्यू झाला. कारण होतं घन बूस्टरच्या सांध्यातली, थंडीने कडक झालेली रबरी रिंग. भारतातलं एक उदाहरण १८ मे २०२५ चं. पीएसएलव्ही-सी६१ च्या तिसऱ्या टप्प्यात मोटरमधला दाब कमी झाला आणि ईओएस-०९ उपग्रह कक्षेत पोहोचू शकला नाही. तो टप्पाही घन इंधनाचाच. साठ वर्षांच्या अनुभवानंतरही हे काम 'जमलं' म्हणून सोडून देण्याजोगं नाही, हे यातून दिसतं.

एसएलव्ही-३ मध्ये त्यांची भूमिका काय?

एसएलव्ही-३ हे भारताचं पहिलं उपग्रह प्रक्षेपक. उंची २२ मीटर, वजन १७ टन, चार टप्पे आणि चारही घन इंधनाचे. म्हणजे रसायनशास्त्र हुकलं असतं तर काहीच उरलं नसतं. पहिल्या टप्प्यात साधारण ९ टन इंधन होतं. एवढ्या मोठ्या मोटरी भरण्यासाठी श्रीहरिकोटा इथे १९७७ मध्ये घन इंधनाचा मोठा कारखाना उभा राहिला.

प्रकल्प संचालक होते डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम. १० ऑगस्ट १९७९ रोजी पहिलं उड्डाण झालं, पण दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेत बिघाड झाला आणि रॉकेट समुद्रात पडलं. त्याच वर्षी गोवारीकर व्हीएसएससीचे संचालक झाले. ११ महिन्यांनी, १८ जुलै १९८० रोजी दुसऱ्या प्रयत्नात एसएलव्ही-३ ने रोहिणी उपग्रह कक्षेत ठेवला. स्वतःच्या रॉकेटने उपग्रह सोडणाऱ्या मोजक्या देशांच्या यादीत भारताचं नाव आलं.

१९८२ मध्ये पीएसएलव्हीला मंजुरी मिळाली तेव्हाही संचालक गोवारीकरच होते. ९ टनांवरून १३८ टनांची मोटर, ही उडी केवळ आकाराची नव्हती. एवढी मोटर तुकड्यांत भरून जोडावी लागते, प्रत्येक तुकड्यातलं इंधन सारख्याच वेगाने जळावं लागतं. पीएसएलव्हीचं पहिलं उड्डाण १९९३ मध्ये फसलं, १५ ऑक्टोबर १९९४ चं यशस्वी झालं. तोवर गोवारीकर इस्रोतून बाहेर पडून नऊ वर्षं झाली होती. पदार्थांवरचं संशोधन असंच असतं. पेरणी एकाची, कापणी दुसऱ्याच्या काळात.

या साखळीत महाराष्ट्रही आहे. पुणे जिल्ह्यातल्या वालचंदनगरच्या कारखान्यात पीएसएलव्ही आणि एलव्हीएम-३ च्या घन मोटरींचे भाग तयार होतात.

इंधन विकत का घेतलं नाही?

कारण ते सहजासहजी कोणी विकत नाही. उपग्रह नेणारी घन मोटर क्षेपणास्त्रही नेऊ शकते. १९८७ मध्ये काही देशांनी क्षेपणास्त्र तंत्रज्ञानावर निर्बंध घालणारी व्यवस्था उभी केली, तेव्हा असं तंत्रज्ञान मिळणं आणखी अवघड झालं.

ही शंका निराधार नव्हती. भारताने १९८९ मध्ये चाचणी घेतलेल्या 'अग्नी' क्षेपणास्त्राचा पहिला टप्पा एसएलव्ही-३ च्या घन मोटरवरच आधारलेला होता. मासळीचा नकाशा देणारा उपग्रह आणि क्षेपणास्त्र, दोघांच्या बुडाशी एकच रसायनशास्त्र आहे. हे लक्षात घेतल्याशिवाय या संशोधनाची कहाणी पूर्ण होत नाही.

या रसायनांची दुसरी बाजू कोणती?

तारापूर एमआयडीसीच्या शेजारी राहणाऱ्या पालघर जिल्ह्यातल्या वाचकांना हा प्रश्न पडणं साहजिक आहे. परक्लोरेट पाण्यात सहज विरघळतं आणि लवकर नष्ट होत नाही. शरीरात गेल्यावर ते थायरॉइड ग्रंथीला आयोडीन शोषू देत नाही. अलुवाच्या प्रकल्पाच्या परिसरातल्या विहिरींमध्ये परक्लोरेट आढळल्याचं संशोधकांनी नोंदवलं आहे. थायरॉइडसाठी आपण मिठात आयोडीन घालतो आणि मिठापासूनच बनलेलं एक रसायन तेच आयोडीन अडवतं. देशासाठी उपयोगी कारखाना असला तरी सांडपाण्याची शिस्त त्यालाही चुकत नाही.

उड्डाणाच्या वेळी निघणाऱ्या धुरात हायड्रोजन क्लोराइडही असतं. ते पाण्यात मिसळलं की हायड्रोक्लोरिक आम्ल होतं. म्हणून परक्लोरेटला क्लोरीनमुक्त पर्याय शोधण्याचं संशोधन जगभर चालू आहे.

मग 'मान्सून मॉडेल' कुठून आलं?

१९८७ मध्ये देशात मोठा दुष्काळ पडला. त्या वेळी गोवारीकर विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचे सचिव होते. पुढच्याच वर्षी, १९८८ मध्ये, १६ घटकांवर आधारलेलं दीर्घकालीन अंदाजाचं मॉडेल वापरात आलं. हिमालय आणि युरेशियातला बर्फ, प्रशांत महासागरातला एल निनो, ठिकठिकाणचं तापमान आणि हवेचा दाब अशी चिन्हं आधीच्या महिन्यांत मोजायची, मागच्या वर्षांच्या पावसाशी त्यांचा संबंध गणिताने बांधायचा आणि यंदाचा आकडा काढायचा. 'गोवारीकर मॉडेल' हे त्याचं लोकांनी ठेवलेलं नाव. प्रत्यक्षात थपलियाल, सरकार, मंडल आणि सिक्का हे हवामानशास्त्रज्ञ त्यात सहभागी होते.

१९८८ मध्ये चांगल्या पावसाचा अंदाज खरा ठरला. पुढची अनेक वर्षं देशव्यापी दुष्काळ पडला नाही आणि मॉडेलवरचा विश्वास वाढत गेला. २००२ मध्ये मात्र अंदाज सर्वसाधारण पावसाचा होता आणि प्रत्यक्षात दीर्घकालीन सरासरीच्या ८१ टक्केच पाऊस पडला. जुलैमध्ये पावसाची मोठी तूट राहिली. पुढच्या वर्षी हवामान विभागाने मॉडेल बदललं.

चूक नेमकी कुठे होती? जुन्या वर्षांच्या आकड्यांमधून काढलेलं नातं कायम टिकेल, हे अशा मॉडेलमधलं गृहीतक. हवामान बदलतं तसं काही घटकांचं पावसाशी असलेलं नातं सैल पडत गेलं. इंधनाची मोटर जमिनीवर पेटवून शंभर वेळा तपासता येते. मान्सून वर्षातून एकदाच येतो.

शिवाय हे मॉडेल संपूर्ण देशाच्या चार महिन्यांच्या पावसाबद्दल सांगायचं. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी आलं, विरारच्या लोकल ठप्प झाल्या, वसईत मिठागराच्या वस्तीत लोक अडकले. अशा दोन दिवसांच्या अतिवृष्टीचा अंदाज वेगळ्या पद्धतीने, रडार आणि उपग्रहांच्या मदतीने काढावा लागतो. 'यंदा पाऊस सरासरीइतका' या बातमीवरून आपल्या गल्लीत पाणी भरणार नाही, असा अर्थ काढता येत नाही.

निवृत्तीनंतर काय केलं?

गोवारीकर पुन्हा रसायनाकडे वळले, या वेळी शेताच्या. सहकाऱ्यांसह त्यांनी इंग्रजीत खतांचा कोश तयार केला. २००९ मध्ये तो 'वायली' या आंतरराष्ट्रीय प्रकाशन संस्थेने काढला. हरितक्रांतीचे प्रणेते नॉर्मन बोरलॉग यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. अमोनियम, नायट्रेट, फॉस्फेट, पोटॅश हे सगळे क्षारच. वसईच्या वाडीत केळीला किंवा फुलझाडांना खत घालणाऱ्या शेतकऱ्याला जे माहीत हवं, तेही अखेर असेंद्रिय रसायनशास्त्रच आहे: कुठला क्षार पाण्यात किती विरघळतो, मातीत किती टिकतो, मुळांना किती मिळतो.

वसई-विरारच्या विद्यार्थ्यांना या क्षेत्रात जायचं असेल तर?

- बारावी विज्ञाननंतर दोन वाटा आहेत: रसायनशास्त्रात बीएस्सी किंवा रासायनिक अभियांत्रिकी. गोवारीकरांची वाट दुसरी होती, पण पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळांत दोन्हींची गरज असते.
- बीएस्सीनंतर आयआयटीत एमएस्सी करायची असेल तर 'जॅम' ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. संशोधनासाठी पुढे 'नेट' किंवा 'गेट'.
- माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था (आयसीटी) लोकलच्या अंतरावर आहे. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आयसर आणि स्फोटक व इंधन पदार्थांवर काम करणारी डीआरडीओची एचईएमआरएल प्रयोगशाळा आहे.
- तिरुवनंतपुरमला अवकाश विभागाची स्वतःची शिक्षणसंस्था आहे: आयआयएसटी.
- इस्रोच्या केंद्रांत रसायनशास्त्राच्या पदवीधरांसाठी वेळोवेळी जागा निघतात. जाहिरात केवळ अधिकृत संकेतस्थळावरच तपासा. नोकरीसाठी पैसे मागणारे मेसेज खोटे समजा.

पुढच्या वेळी मोबाइलवर प्रक्षेपण पाहाल तेव्हा...

पीएसएलव्ही उडताना पहिली साधारण पावणेदोन मिनिटं नीट पाहा. डोळे दिपवणारी ज्वाला दिसते ती ॲल्युमिनियम जळत असल्यामुळे. मागे राहणारा दाट पांढरा पट्टा हा त्याच ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचे कण आणि वाफेचा. १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ घेऊन निघालेल्या एलव्हीएम-३ च्या दोन्ही बाजूंना जे दोन बूस्टर होते, त्या प्रत्येकात २०० टनांहून जास्त असंच इंधन होतं.

निवेदक 'पहिला टप्पा अपेक्षेप्रमाणे' असं म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ एवढाच, की कित्येक महिन्यांपूर्वी ओतलेलं रबर ठरल्या वेगाने, कुठेही भेग न पडता जळून गेलं.